देवरामभाऊंचं नाव

देवरामभाऊंइतका घाबरलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि हा तो माणूस, ज्याने उभ्या आयुष्यात कशाला भीक घातली नाही. उसात बिबट्या बसलाय म्हटल्यावर सगळी वस्ती दारं लावून बसायची आणि हे खांद्यावर टॉवेल टाकून मोटार चालू करायला निघायचे. तोच माणूस तृप्ती नावाच्या एका पोरीला बघून दाराआड व्हायचा. पोरगी जेमतेम पंचविशीची, आवाज मऊ, हातात टॅबलेट. ती पॅसेजमध्ये दिसली की यांच्या तोंडचं पाणी पळायचं.

आम्ही शेजारी. गंगापूर रोडने धरणाकडे जाताना 'निवांत' नावाची मोठी वसाहत लागते, तिथे राहतो. म्हाताऱ्यांसाठी वसाहती बांधायच्या आणि चालवायच्या, हा या कंपनीचा धंदा. पुण्याकडे त्यांच्या आणखी आहेत. इथे कुणी कुणाला म्हातारं म्हणायचं नाही असा नियम आहे. आम्ही सगळे 'सीनियर', जेवणघर म्हणजे 'डायनिंग' आणि दवाखाना म्हणजे 'वेलनेस'. मला या गोड बोलण्याचा मनस्वी राग येतो. मी नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेली बाई, मला सरळ बोलायची सवय. गुडघे गेले, नवरा गेला, मुलगी परदेशात, म्हणून इथे आले. यात 'नवी इनिंग' वगैरे काही नाही.

देवरामभाऊंची गोष्ट वेगळी. ही वसाहत ज्या जमिनीवर उभी आहे, ती जमीनच त्यांची. इथे त्यांचा द्राक्षाचा मळा होता. मुलगा किशोर बंगळूरला कायमचा गेला, मजूर मिळेनात, वय झालं. कंपनीची माणसं आली, व्यवहार ठरला, आणि त्या व्यवहारातच तळमजल्यावरचा एक फ्लॅट यांनी आपल्याकडे ठेवून घेतला. मंगलाबाईंना मळा सोडून कुठे करमणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. "मळ्यातून उठलो अन् मळ्यातच बसलो," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगायचे. करारावर सही केली तीही नीट वाचून केली. त्यात मागच्या बिल्डिंगविषयी लिहिलेलं होतं, पण तेव्हा मंगलाबाई धडधाकट होत्या आणि असल्या गोष्टी दुसऱ्यांच्या घरी होतात असंच आपल्या सगळ्यांना वाटतं.

मागच्या बिल्डिंगला कंपनीने 'सावली' असं नाव दिलंय. ज्यांचं भान सुटत चाललंय, त्यांना तिथे ठेवतात. एका खोलीत एकच जण. नवऱ्याने किंवा बायकोने तिथे राहायचं नाही, ठरल्या वेळी भेटून परत यायचं. घरचं माणूस सतत उशाशी असलं तर तेही आजारी पडतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नसावं. पण तिकडे गेलेलं माणूस पुढच्या बिल्डिंगमध्ये परत आल्याचं आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. म्हणून आम्ही तिचा विषयच काढत नाही. माझा चष्मा हरवला तरी मी कुणाला विचारत नाही, मुकाट्याने शोधत बसते.

मंगलाबाई म्हणजे गोरीपान, ठेंगणी, नऊवारीतली बाई. डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही. कंपनीची मुलं त्यांना 'मॅडम' म्हणायची, तेव्हा त्या मागे वळून बघायच्या, की मॅडम कोण आली. त्यांच्या भाजीत दोनदा मीठ पडू लागलं तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं. मग एकदा त्या संध्याकाळी फाटकापाशी सापडल्या. मजुरांना चहा द्यायचा राहिला म्हणून किटली घेऊन निघाल्या होत्या. फाटकावरचा रखवालदार वाल्मीक पेठकडचा, त्याने त्यांना "चला मावशी, मजूर घरी गेले" म्हणून गुपचूप परत आणलं आणि वर काही कळवलं नाही. देवरामभाऊंनी त्याच्यापुढे हात जोडले, हे मी माझ्या बाल्कनीतून पाहिलं.

पण लाल दोरी काही लपली नाही. आमच्या प्रत्येकाच्या न्हाणीघरात एक लाल दोरी लोंबते. पाय घसरला, छातीत दुखलं, तर ती ओढायची, की वेलनेसमध्ये घंटा वाजून माणसं धावत येतात. मंगलाबाईंनी तिच्यावर धुतलेलं लुगडं वाळत घातलं. नर्स, वॉर्डबॉय, स्ट्रेचर, सगळा लवाजमा दारात हजर झाला. पाठोपाठ दुसऱ्यांदा तेच झालं. दुसऱ्या वेळी मंगलाबाई त्या मंडळींवरच रागावल्या, की बायामाणसांच्या न्हाणीत असं शिरतात का. मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू. देवरामभाऊ मात्र भिंतीला टेकून उभे होते.

त्यानंतर वेलनेसमधली तृप्ती आली. तिला मंगलाबाईंना काही प्रश्न विचारायचे होते. मी विरजण मागायला गेले होते, तर देवरामभाऊंनी डोळ्यांनीच मला थांबवून घेतलं. तृप्तीने महिना विचारला, गावाचं नाव विचारलं, तीन वस्तू सांगून थोड्या वेळाने पुन्हा विचारल्या. मंगलाबाई अडखळल्या, पण निम्म्याअधिक उत्तरं आली. मग तिने देवरामभाऊंकडे बोट दाखवून विचारलं, हे कोण?

"हे व्हय? हे आमचे हेच की," मंगलाबाई म्हणाल्या.

त्यांचं नाव काय, असं तृप्तीने विचारलं. मंगलाबाई गप्प. तिने पुन्हा विचारलं, तर त्यांनी मान खाली घातली आणि पदराचं टोक दातात धरलं. तृप्तीचं बोट टॅबलेटवर सरकलं. देवरामभाऊ खुर्चीतून उठलेच. ते तिला समजावू लागले, की ही विसरलेली नाही, ही माझं नाव घेत नाही, कधीच घेतलेलं नाही. लग्नात उखाणा घेतला असेल तेवढाच. तृप्तीला ते पटलं की नाही कोण जाणे. तिची आई तिच्या बाबांना नावानेच हाक मारते, म्हणाली. मीही माझ्या नवऱ्याला 'ए धनराज' असंच म्हणायचे, तेव्हा त्या पोरीला काय दोष द्यायचा? तिने समजुतीने सांगितलं, की या वेळी हा प्रश्न मी सोडून देते, पण पुढच्या महिन्यात पुण्याहून डॉक्टर येतील. जवळच्या माणसाचं नाव सांगता येणं हा त्यांच्या तपासणीतला मोठा भाग आहे. बाकीचे गुण आधीच कमी आहेत. नाव आलं नाही, तर आजींना सावलीत हलवावंच लागेल.

त्या दिवसापासून देवरामभाऊंच्या जिवाला घोर लागला. माझी आणि त्यांची बाल्कनी एकमेकींना लागून, मधे फक्त एक पत्रा. संध्याकाळी त्यांची शिकवणी सुरू व्हायची. आधी ते गोडीगुलाबीने सांगायचे, एकदा म्हण, फक्त मला ऐकव. मंगलाबाई लाजायच्या. म्हातारपणी काय चाळे सुचतात, असं काहीतरी पुटपुटायच्या. मग ते चिडायचे. मग विनवायचे. सत्तरीच्या बाईचं ते लाजणं ऐकून मला पलीकडे बसल्या बसल्या बरं वाटायचं.

एका संध्याकाळी त्यांचा आवाज चढला. मंगलाबाई रडत होत्या.

"नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी व्हतं. मी नाय घ्यायची."

"माझं आयुष्य गेलं चुलीत," देवरामभाऊ म्हणाले. "तू नाव नाय घेतलं तर तुला माझ्यापासून तोडतील ना गं. ते त्यापेक्षा बरं का?"

मंगलाबाईंना तोडणं वगैरे काही कळलं नाही. त्या एवढंच म्हणत राहिल्या, की मी नाही तुमचं वाईट करायची. मला राहवेना. दुसऱ्या दिवशी मी गेले आणि उखाण्याची युक्ती काढली. उखाण्यात तर नाव घेता येतं, त्यात कुणाचं आयुष्य कमी होत नाही. मंगलाबाई खुलल्या. त्यांनी गळा साफ करून सुरुवातही केली, 'द्राक्षाच्या मांडवाला बांधली तार' इथपर्यंत आल्या. पुढे काही येईना. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तारेशी थांबल्या. तिसऱ्यांदा थांबल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. त्या घाबरून माझ्याकडे बघत होत्या. मी विषय बदलला.

त्याच आठवड्यात देवरामभाऊ मला म्हणाले, सविताताई, माझ्याबरोबर मागं चला, एकदा बघून येऊ. एकट्याने जायची त्यांची छाती होत नव्हती, आणि माझी तरी कुठे होत होती? पण गेलो. सावली स्वच्छ आहे, उजेडाची आहे, माणसं प्रेमाने वागतात, हे मी प्रामाणिकपणे सांगते. आरडाओरडा नाही, घाण नाही. प्रत्येक दारावर आतल्या माणसाचा तरुणपणीचा मोठा फोटो लावलेला असतो, कारण त्यांना आताचा स्वतःचा चेहरा ओळखू येत नाही. बायकांना सगळ्यांना सारखे गाऊन, कारण नऊवारी नेसवणार कोण? पॅसेजमध्ये आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ भेटले. गेल्या दिवाळीपर्यंत ते माझ्याशी कॅरम खेळत होते आणि हरले की भांडत होते. त्यांनी मला नम्रपणे विचारलं, की बाई, मनमाडची गाडी गेली का? मी नाही म्हटलं. ते 'आभारी आहे' म्हणाले आणि बाकावर बसले.

बाहेर आल्यावर देवरामभाऊंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं, ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. मी ते सोडवून घेतलं नाही. मलाही धरायला काहीतरी हवंच होतं.

तिथून पुढे ते मंगलाबाईंना डायनिंगमध्ये आणेनासे झाले. डबा घरी न्यायचे. दाराला आतून कडी, वर खुर्ची. बेल वाजली की आधी भिंगातून बघायचे. किशोरला फोन केला, तर तो म्हणाला, बाबा, ते प्रोफेशनल लोक आहेत, त्यांचं ऐका, आईचं भलंच होईल. देवरामभाऊंनी त्यानंतर त्याला काही सांगितलं नाही. अंगावरचा सदरा लोंबू लागला. मी पोळ्या पाठवायचे, त्या तशाच परत यायच्या. मी बेल वाजवली की दाराआडून ते 'कोण हाय?' म्हणायचे, तेव्हा त्यांचा आवाज मला ओळखू यायचा नाही.

आणि मग त्यांनी शिकवायची पद्धत बदलली. मी पत्र्यामागून ऐकलं. ते म्हणत होते, नवऱ्याचं नाव घेऊच नको. मी तुझा नवरा नाही असं समज. समज, कुणी एक माणूस येऊन बसलाय. परका माणूस हाय. परक्याचं नाव घ्यायला काय हरकत? त्याचं नाव देवराम. म्हण, देवराम.

मंगलाबाईंना हे अवघड गेलं नाही. पहिल्या दिवशी त्या हसून हसून बेजार झाल्या. परका कसा, तुम्ही तर हे, असं म्हणत राहिल्या. पण ते रोज तेच सांगत राहिले, सकाळ संध्याकाळ, चहा पिताना, फुलवाती वळताना. मी परका. माझं नाव देवराम, बापाचं भिमाजी. चारआठ दिवसांनी मंगलाबाईंचं हसणं थांबलं. आणि एक दिवस पलीकडून त्यांचा आवाज आला, हलका पण स्वच्छ, "देवराम."

देवरामभाऊ धावतच माझ्या दारात आले. डोळे भरलेले. "घेतलं, ताई. नाव घेतलं तिनं." मलाही आनंद झाला. मी शिरा केला, तिघांनी मिळून खाल्ला, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांनी वाटी पुसून खाल्लेली पाहिली. मंगलाबाईंना त्यांनी माझ्यासमोर पुन्हा विचारलं. त्यांनी लगेच सांगितलं. पदर दातात धरला नाही, मान खाली घातली नाही. मला कुठेतरी खटकलं. पण त्या माणसाचं तोंड इतकं उजळलं होतं, की मी मनातली शंका तिथेच दाबून टाकली.

तपासणीच्या दिवशी देवरामभाऊंनी स्वतः मंगलाबाईंची वेणी घातली. अंजिरी लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. मला बोलावून घेतलं. डॉक्टर मध्यम वयाचे, शांत, घाई न करणारे. तृप्ती त्यांच्या शेजारी बसली. देवरामभाऊ मंगलाबाईंच्या समोरच्या खुर्चीवर, दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून.

महिना विचारला, तर मंगलाबाई श्रावण म्हणाल्या. होताच. गावाचं नाव बरोबर. तीन वस्तूंपैकी दोन आठवल्या. वजाबाकी जमली नाही. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मग त्यांनी देवरामभाऊंकडे हात करून विचारलं, की आजी, यांना ओळखता का? यांचं नाव काय?

मंगलाबाईंनी देवरामभाऊंकडे नीट बघितलं.

"देवराम," त्या म्हणाल्या. खणखणीत. "देवराम भिमाजी."

तृप्तीने टाळीच वाजवली. डॉक्टरही हसले. अशा वयात इतकं स्पष्ट आठवतं म्हणजे छानच आहे, असं म्हणाले. सावलीची सध्या गरज नाही, दोघांनी एकत्रच राहावं, त्यात दोघांचं हित आहे. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. न्हाणीघरात कपडे वाळत घालायला एक वेगळी दोरी लावून घ्या, एवढं सांगून ते उठले. तृप्तीने जाताना देवरामभाऊंना खाली वाकून नमस्कार केला. त्या पोरीला खरंच आनंद झाला होता. तिला काय माहीत.

दार लागलं. मी देवरामभाऊंकडे वळून काहीतरी बोलणार होते, अभिनंदन किंवा असंच काही. पण ते बायकोकडे बघत होते. मंगलाबाईंनी डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढून घेतला होता. परका पुरुष घरात बसला असला की बायका ओढतात, तसा. त्या उठून थोड्या बाजूला, कडेला उभ्या राहिल्या.

"बसा ना, देवरामभाऊ," त्या अदबीने म्हणाल्या. "हे येतीलच आता मळ्यातनं. मी चहा टाकते तवर."

आणि त्या आत गेल्या. आतून भांड्यांचे आवाज येऊ लागले.

देवरामभाऊ उभेच राहिले. स्वतःच्या घराच्या मधोमध, आता बसावं की नाही हे न कळल्यासारखे. मी त्यांना बसा म्हणाले. ते अगदी खुर्चीच्या टोकाला टेकले. डॉक्टर गेले होते, मागची बिल्डिंग टळली होती, महिनाभर ज्याची धास्ती घेतली होती त्यातलं काहीच झालं नव्हतं. आणि हा माणूस आता जितका घाबरला होता, तितका त्या सावलीतसुद्धा नव्हता.

"सविताताई," ते कुजबुजले. "अंधार पडल्यावर ही परक्या माणसाला घरात राहू दील का वो?"

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. तेवढ्यात आतून मंगलाबाईंनी विचारलं, देवरामभाऊ, चहात साखर किती घालू?

त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं. मग आत ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले,

"दोन चमचे घाला, वहिनी."